पंखा बंद करून घेतलेली चाचणी

माझ्या दारावरची पाटी पुरती वाचून आत आलेला माणूस मला आठवत नाही. 'वाचा व श्रवण तज्ज्ञ' असं तिच्यावर ठळक लिहिलं होतं, तरी कुणी कानातला मळ काढून घ्यायला यायचं, कुणी बाळाचे कान टोचायला. एकदा एक बाई सासूला घेऊन आल्या, सासूला बाहेर बाकावर बसवलं आणि आत येऊन हळूच म्हणाल्या, "यांना नक्की किती ऐकू येतं तेवढं सांगा. म्हणजे घरात कसं बोलायचं ते कळेल." मी तपासलं. सासूबाईंना सगळं ऐकू येत होतं. तसं सांगितल्यावर दोघींचेही चेहरे पडले.

डोंबिवलीत पूर्वेला, ठाकुर्लीच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर माझी खोली होती. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे बसायला लागले तेव्हा आवाजबंद खोली बांधून घेणं मला परवडण्यासारखं नव्हतं. मग भिंतींना कापसाच्या जुन्या गाद्या ठोकल्या, दाराच्या आत दुसरं दार बसवलं, खिडकी कायमची बंद करून टाकली. चाचणीचे नियम ठरलेले होते. आधी पंखा बंद. मग बाहेरच्या बाकावरच्या मंडळींना गप्प बसायची तंबी. रुळांवरून गाडी जायला लागली की मी हात वर करून थांबायची, गाडी पुरती गेली की हात खाली आणि पुढचा शब्द. मे महिन्यात मी, पेशंट आणि पेशंटची आई असे तिघंही घामानं निथळत असायचो. पण शांतता असायची. साऱ्या डोंबिवलीत इतकी शांत खोली दुसरी नाही, असं मी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत असे. त्या खोलीचा मला गर्व होता, हे आता कबूल करून टाकते.

हा गर्व उतरवायला पहिल्यांदा आले ते हिराजीबाबा. खाडीकाठच्या कोळीवाड्यातले, सत्तरीचे. मी त्यांना खिशात ठेवायचं, वायर कानापर्यंत जाणारं मशीन दिलं होतं. माझ्या खोलीत त्यांनी माझं कुजबुजणंसुद्धा ऐकलं आणि खूश होऊन गेले. पंधरा दिवसांनी नातीच्या हळदीहून तडक माझ्याकडे आले आणि मशीन टेबलावर ठेवलं.

"बाय, यो मशीन मना नको," ते म्हणाले. "ढोल आयकू येतं, भांडी आयकू येतान, मानूस आयकू येत नाय."

मला हसू आलं. मी त्यांना म्हटलं, बाबा, हळदीत तर माझ्यासारखीलाही माणूस ऐकू येत नाही! ते हसले नाहीत. मशीन तिथंच ठेवून, काठी टेकत जिना उतरून गेले. माझ्या सगळ्या शिक्षणात जे एक वाक्य मला कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं, ते त्या म्हाताऱ्यानं सांगितलं होतं. मी ते हसण्यावारी नेलं.

बाहेरच्या वाचकासाठी थोडं सोपं करून सांगते. चांगला कान नुसता ऐकत नाही, तो निवडतो. लग्नाच्या पंगतीत शंभर माणसं बोलत असली तरी तुम्हाला शेजारच्या मावशीचं बोलणं कळतं, कारण दोन कान आणि मेंदू मिळून बाकीचा गलबला बाजूला सारत असतात. मशीनला हे येत नाही. समोर जे असेल ते सगळं ते आत ढकलतं.

नव्वदच्या दशकात कानाच्या आत बसवायचं यंत्र आपल्याकडे आलं, कॉक्लियर इम्प्लांट. ज्यांना साधं मशीन लावून काडीचा उपयोग होत नाही अशा मुलांसाठी ते. ऑपरेशन करून आतल्या कानात एक बारीक तार सरकवतात. तिच्यावर वीस-बावीस टोकं असतात. जिथं देवानं हजारो पेशी दिल्या होत्या, तिथं ही वीस-बावीस टोकं काम करणार. बाहेर कानामागे चुंबकानं चिकटणारी एक चकती, तिच्यातून निघालेली वायर, आणि कमरेला किंवा छातीशी बांधायचा एक डबा. त्या यंत्रातून येणारं बोलणं म्हणजे चिमटीनं न रेखता मुठीनं ओतलेली रांगोळी. अंगण रिकामं असेल तर कमळ आहे एवढं कळतं. त्याच्यावर दुसऱ्या कुणी आणखी एक मूठ ओतली की संपलं. शांत खोलीत मूल बोलणं ओळखतं ते त्या रिकाम्या अंगणात, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं.

स्नेहल माझ्याकडे आली तेव्हा सहा वर्षांची होती. वडील दत्ताराम मानपाड्याच्या एका कारखान्यात लेथवर होते, आई सुलभा घरी शिवणकाम करायची. मूळ गाव कोकणात. चौथ्या वर्षापर्यंत पोरगी चुरूचुरू बोलायची. मग मेंदूज्वर झाला. जीव वाचला, दोन्ही कान गेले. मुंबईला ऑपरेशन झालं. त्यासाठी पैसा कसा उभा राहिला त्यात शिरत नाही. ऑपरेशननंतर तिला बोलणं पुन्हा ओळखायला शिकवायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी हरखून गेले. इतकी वर्षं मी लोकांना 'आहे तेवढ्यात भागवा' सांगत आले होते. आता पहिल्यांदाच काही मिळवून देणार होते.

शिकवायची आमची रीत अशी. भरतकामाची गोल रिंग घ्यायची, तिच्यावर काळं झिरझिरीत कापड ताणायचं आणि ती तोंडासमोर धरून बोलायचं. म्हणजे मूल ओठ बघून ओळखणार नाही, कानानंच ओळखेल. बहिऱ्या मुलाची नजर सारखी ओठांकडे जाते, ती मोडल्याशिवाय कान तयार होत नाही असं आम्हाला शिकवलेलं. स्नेहल हट्टी होती, रिंगच्या कडेनं वाकून बघायची. मी तिला दुसरी सवय लावली. "बघायचं नाही. मान खाली. जमिनीकडे बघ आणि ऐक." हे मी तिला इतक्यांदा सांगितलं की पुढे पुढे मी तोंड उघडायच्या आत तिची मान आपोआप खाली जायची. मी तिच्या आईला कौतुकानं दाखवायची, बघा, कशी कान देऊन ऐकते.

आणि ती ऐकायला लागली. आधी आईच्या बांगड्या, मग स्वतःचं नाव, मग शब्द, मग वाक्यं. गेलेलं बोलणं परत आलं. वर्षभरानं मी तिची चाचणी घेतली, पंचवीस शब्दांची. पंखा बंद, तोंडासमोर रिंग, मध्ये दोनदा गाडीसाठी थांबलो. तिनं तेवीस शब्द बरोबर सांगितले. सुलभा रडायला लागली. मीही थोडी रडले असेन.

मग मला कुठून बुद्धी झाली कोण जाणे. मी पंखा लावला, कपाटावरचा रेडिओ लावला, आणि पंचवीस दुसरे शब्द त्याच आवाजात म्हटले. तिनं चार ओळखले. चार. उरलेल्यांना तिनं मान डोलावली आणि गोड हसली.

सुलभा बघत होती. ती मूर्ख बाई नव्हती. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "बाई, हा आकडा कागदावर लिहू नका."

"अगं, पण खरा आकडा हाच आहे."

"खरा असेल हो. पण मी दोन शाळा फिरून आलेय. मशीन बघितलं की म्हणतात, बहिऱ्यांच्या शाळेत घाला. ती बोलते बाई आता. मुक्यांच्यात नाही घालायची मला तिला. मानपाड्याची शाळा म्हणते, ऐकू येतं असा रिपोर्ट आणा, घेतो. तुम्ही नुसते तेवीस लिहा. बाकीचं मी बघते."

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मीही मनाशी म्हटलं. शाळेनं नाकारलं तर एवढी मेहनत पाण्यात जाणार होती, तिची आणि माझीही. माझीही, हे महत्त्वाचं. स्नेहल ही माझी पहिली इम्प्लांटची मुलगी होती आणि तेवीस हा आकडा मला फार आवडला होता. मी रिपोर्ट लिहिला. त्यात शांत खोलीतली चाचणी असं लिहायला हवं होतं, तेही लिहिलं नाही, कारण विचारलं असतं की मग गडबडीतलं काय. खाली सही केली, शिक्का मारला. मुलीला पुढच्या बाकावर बसवावं, अशी एक ओळ तेवढी घातली. ती ओळ घातली म्हणून रात्री झोप लागली.

मानपाड्याची ती शाळा वाईट नव्हती. पत्र्याचं छप्पर, एका वर्गात साठावर पोरं, आणि भिंतीपलीकडे पत्रे कापायचा कारखाना, दिवसभर धाडधाड चालणारा. मी ती शाळा आधी बघितलीच नव्हती. पोरीला ज्या खोलीत दिवसाचे पाच तास काढायचे होते, त्या खोलीत मी पाच मिनिटंही जाऊन उभी राहिले नव्हते.

पहिले काही महिने बरे गेले. अक्षर सुरेख, पाढे पाठ, फळ्यावरचं सगळं वहीत. सुलभा रोज संध्याकाळी तिला धडा घरी पुन्हा वाचून दाखवायची. स्नेहलनंही आपली एक युक्ती शोधली होती. काही कळलं नाही की 'हो' म्हणायचं आणि हसायचं. ही युक्ती आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असते. सगळीच मुलं करतात. मी तिला त्यावरून रागावले नाही, कारण निदान ती गप्प तरी बसत नव्हती.

एक दिवस सुलभानं शेजाऱ्यांच्या फोनवरून निरोप दिला, उद्या शाळेत या, मोठ्या बाईंनी बोलावलंय. मी गेले. मुख्याध्यापिकांच्या खोलीत सुलभा आणि दत्ताराम आधीच बसलेले होते. स्नेहलला बाहेर व्हरांड्यात बाकावर बसवलं होतं. मला बघून ती हसली नाही. तिच्या गालावर वळ होता.

वर्गशिक्षिका तरुण होती, नुकतीच नोकरीला लागलेली. वर्गातल्या एका मुलीचं स्केचपेनांचं नवं पाकीट हरवलं होतं. मधल्या सुट्टीच्या आधी शोधाशोध झाली, पोरांनी गलका केला, कुणीतरी म्हणालं स्नेहल त्या बाकाजवळ होती. "मी हिच्यापुढे उभी राहून विचारलं," ती म्हणाली. "एकदा नाही, तीनदा विचारलं, तू घेतलंस का. तीनही वेळा ही 'हो' म्हणाली. आणि अशी मान खाली घालून उभी होती. वर बघायला तयार नाही."

तिनं मान खाली घालून दाखवलं. तशी मान मी ओळखत होते. ती मी बसवलेली होती.

"मी मारलं तिला मॅडम," दत्ताराम म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते. "आमच्या घरात चोर निघाला असं वाटलं मला. पाकीट काढून दे म्हटलं, तर रडते नुसती. मी म्हटलं, कबूल केलंय ना शाळेत, मग आता नाटकं कसली करतेस?"

"तिनं घेतलेलं नाही," मी म्हटलं. "तिला प्रश्नच कळला नसणार. गडबडीत तिला शब्द ओळखू येत नाहीत. कळलं नाही की ती 'हो' म्हणते."

मुख्याध्यापिकांनी ड्रॉवर उघडला आणि एक कागद माझ्यापुढे ठेवला. बाई शांत होत्या, शहाण्या होत्या, आणि त्यांची काहीच चूक नव्हती. "ही तुमचीच सही ना? पंचवीसपैकी तेवीस. आम्ही हा कागद बघून प्रवेश दिला. हिच्या शिक्षिका गेले चार महिने सांगतायत की मुलगी सांगितलेलं करत नाही, आणि मी त्यांना हा कागद दाखवून सांगतेय, तिला ऐकू येतं, ती ऐकत नसेल तर तुम्ही शिस्त लावा. आता तुम्ही म्हणता ऐकू येत नाही. मग खरं काय?"

पलीकडे पत्रा कापणारं यंत्र चाललं होतं. मला त्यांचं बोलणं कळत होतं, कारण माझे दोन्ही कान धड होते. सुलभानं टेबलाखाली माझ्या मनगटाला हात लावला आणि घट्ट धरला. तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. खरं सांगितलं तर शाळा जाणार होती. नाही सांगितलं तर पोर चोर ठरणार होती.

मी खरं सांगितलं. पंखा, रेडिओ, चार शब्द, सगळं. हा आकडा मी जाणूनबुजून गाळला, हेही सांगितलं. ते मोठं धैर्य केलं असं तेव्हा मला वाटलं होतं. आज वाटत नाही. ज्याचा फटका दुसऱ्याला बसणार ते खरं बोलायला कसलं आलंय धैर्य!

वर्गशिक्षिकेनं तोंडाला पदर लावला. दत्ताराम उठून बाहेर गेले. काचेतून दिसलं, ते स्नेहलसमोर उकिडवे बसले होते.

मुख्याध्यापिकांनी कागद परत ड्रॉवरमध्ये ठेवला. "चोरीचा विषय मी इथेच संपवते," त्या म्हणाल्या. "वर्गातही तसं सांगेन. पण बाई, साठ मुलांत जिला चार शब्द कळतात तिला मी कशी ठेवू? वर्ष संपलं की दाखला घेऊन जा. ठाण्याला तिच्यासारख्यांची चांगली शाळा आहे."

शाळेच्या फाटकाबाहेर सुलभा थांबली. मला वाटलं, आभार मानेल. डाग तरी धुतला होता मी.

"तुम्ही कशाला सांगितलंत सगळं?" ती म्हणाली. "चोर म्हणून का होईना, शाळेत राहिली असती ती. पोरं विसरली असती चार दिवसांत."

मी म्हटलं, "सुलभा, तिला चोर म्हणत होते ते."

"म्हणू देत की! तिला कुठे ऐकू जात होतं?"

हे ती रागानं बोलली. पण ते खोटं नव्हतं. रिक्षा मिळेपर्यंत आम्ही दोघी शेजारी शेजारी उभ्या होतो आणि मध्ये स्नेहल होती, आईच्या पदराला धरून.

जूनपासून स्नेहल ठाण्याच्या शाळेत जायला लागली. तिथं मास्तरीण बाई बोलून शिकवायच्या, पण मुलं सुट्टीत हातांनी बोलायची, आणि स्नेहल दोन महिन्यांत हातांनी बोलायला शिकली. ती तिथं हसायला लागली असं दत्ताराम सांगायचे. सुलभाला ते हात बघवत नसत. पुढे कमरेच्या डब्याची वायर तुटली, नवी परदेशातून यायला फार दिवस लागले, आणि ती येईपर्यंत मशीन न लावायची पोरीला सवय झाली. हातांना गलबल्याचा त्रास होत नाही. मशीन कपाटात गेलं ते गेलंच. आत बसवलेली तार अजूनही तिच्या कानात असेल.

त्यानंतर मी माझी पद्धत बदलली. प्रत्येक मुलाची चाचणी दोनदा, एकदा शांततेत, एकदा पंखा आणि रेडिओ लावून. दोन्ही आकडे लिहायचे. शाळा बघून यायची. ओठ बघू द्यायचे. रिपोर्ट वाचून काही शाळांनी मुलं नाकारली, काही पालक माझ्याशी भांडून दुसरीकडे गेले, आणि त्यांतल्या कित्येकांना दुसरीकडे हवा तो कागद मिळाला. व्याख्यानांतून मी हे सगळं फुशारकीनं सांगत आले आहे. पुढचं मात्र कुठल्या व्याख्यानात सांगितलेलं नाही.

वायर तुटण्याआधी, ठाण्याची शाळा सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांनी, सुलभा स्नेहलला मशीन जुळवून घ्यायला माझ्याकडे घेऊन आली होती. सुलभा माझ्याशी कामापुरतं बोलली आणि बाहेर बाकावर जाऊन बसली. आतलं काम झालं. स्नेहल उठेना. मान खाली घालायची सवय तिनं टाकली होती, ती सरळ माझ्या तोंडाकडे बघत होती.

"बाई, त्या दिवशी टीचर मला काय विचारत होत्या?"

मला आधी कळलंच नाही, कुठल्या दिवशी. मग कळलं. आपल्याला चोर म्हणतात हे तिला समजलं होतं. बापानं मारलं, आईनं बोल लावले, मोठ्या बाईंनी वर्गाला सांगितलं, मी चार मोठ्या माणसांसमोर तिची बाजू मांडली. ती सगळा वेळ बाहेरच्या बाकावर होती. तिला कुणी विचारलेला प्रश्न सांगितलाच नव्हता.

"स्केचपेन तू घेतलेस का, असं विचारत होत्या," मी सावकाश म्हटलं. "तीनदा विचारलं. तू हो म्हणालीस."

ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. मग तिनं मान हलवली, नाही अशी.

"मला वाटलं, ऐकू येतंय का विचारतायत," ती म्हणाली. "नाही म्हटलं असतं तर शाळेतून काढलं असतं ना."